रीनाची नोंद कोणी उघडली

उर्वशीला आपल्या कामाचा गर्व होता, आणि का नसावा? गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्या दोन खोल्यांच्या सिकलसेल तपासणी केंद्रात पूर्वी सगळी नावं जाड रजिस्टरांत असायची आणि येणारा-जाणारा ती खुशाल चाळायचा. मग २००६ साली कोणीतरी दोन कम्प्युटर दिले. उर्वशीनं गोंदियातल्या क्लासला जाऊन डेटाबेस शिकून घेतला, आठ हजार माणसांच्या नोंदी एकटीनं टाइप केल्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव देऊन आपापला पासवर्ड ठेवायला सांगितलं. तपासणीचा निकाल फक्त ती आणि डॉक्टर पाहू शकत होते. निदान तिची तशी खात्री होती.

निकालाचे रंग केंद्रानं ठरवले होते. रक्त चांगलं असेल तर पांढरं कार्ड, आजार असेल तर लाल, आणि आजार नाही पण त्याचा अंश अंगात आहे, तर पिवळं. दोन पिवळी एकत्र आली तर मूल लाल निघण्याची भीती. पिवळ्याला पांढरा जोडीदार मिळाला तर ती भीती नाही. इतकं सोपं आहे. पण लग्नाच्या बैठकीत हे कोण समजावत बसतं? तिथे नुसतं ‘पिवळं’ म्हटलं की माणसं चपला घालायला लागतात.

म्हणूनच सालेकशाकडच्या एका खेड्यातून दुर्पता आपल्या रीनाला घेऊन आली आणि पोरीला पिवळं कार्ड मिळालं, तेव्हा तिचा जीव खालीवर झाला होता. उर्वशीनं तिचा हात धरून सांगितलं होतं, “मावशी, हे कोणाला कळणार नाही. माझा शब्द आहे.”

श्रावणातल्या एका सोमवारी तीच दुर्पता दार ढकलून आत आली. मागे रीना, मान खाली घालून.

“तुह्या शब्दाले आग लागो!” दुर्पता म्हणाली. “पोरीचं त्या दुर्गेशसंग जुळलं होतं. त्याचा बाप काल येऊन सांगून गेला, पिवळं कार्ड आमाले चालत नाही म्हणून. त्याले कोण सांगतलं? मी नाही सांगतलो, पोरगी नाही सांगतली. मंग उरलं कोण?”

“मावशी, आईशप्पथ मी नाही.”

“मंग डाक्टर सांगतला का?”

तपासणीला आलेल्या लोकांसमोर अपमान झाला याचं उर्वशीला वाईट वाटलंच, पण खरी धास्ती दुसरीच होती. समजा, ही बाई खरं बोलत असेल तर? तर नोंद इथूनच फुटली, आणि आठ हजार माणसांपैकी कोणाचीही फुटू शकते.

तिनं त्या दोघींना बाकावर बसवलं आणि कम्प्युटरसमोर बसली. परवानग्यांची यादी उघडली. दुसऱ्या कम्प्युटरवर बसणारे फक्त सुकरामकाका; त्यांच्या नावासमोर निकालाचा तक्ता पाहण्याच्या परवानगीची एकही खूण नव्हती. तिनं त्या स्वतःच्या हातानं काढून टाकल्या होत्या. सगळं जागच्या जागी. मग?

तेवढ्यात सुकरामकाका आले. पन्नाशीचा हा गोंड माणूस केंद्राचा पाया होता. सकाळच्या गाडीनं उतरायचे, पिशवीतून गावोगावचे फॉर्म काढायचे आणि दुसऱ्या कम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत बसायचे. फॉर्मवर ‘देव’ हा रकाना त्यांच्याच हट्टानं आला होता. गोंडांत घराणं किती देव पुजतं त्यावरून ओळखलं जातं, कोणी चारदेवे, कोणी सातदेवे. एकाच गावात एकाच नावाच्या तीन-तीन पोरी, देव लिहिला की घोटाळा होत नाही. आणि सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“काका,” उर्वशीनं विचारलं, “रीनाची नोंद तुम्ही पाहिली का?”

“पाहलो ना,” काका सरळ म्हणाले. “दुर्गेशचा बाप इचारत होता, पोरीच्या घरी देव किती म्हणून. मी उघडून पाहलो. बाजूलेच कार्डाचा रंग होता. पिवळा दिसला त त्याले सांगतलो. माह्या बहिणीचा पोरगा याच बिमारीनं गेला, बाई. मी कसा चूप राहू?”

“पण तुम्हाला ते उघडायला नको होतं!”

“काऊन? उघडलं ना ते. तुले बंद ठेवाचं असतं त बंदच असतं. मले वाटलं, उघडते म्हणजे परवानगी हाय.”

उर्वशीनं त्यांना त्यांचा पासवर्ड टाकायला लावला. त्यांनी एन्टर दाबलं, कारण पासवर्ड त्यांनी ठेवलाच नव्हता. निकालाचा तक्ता धडधडीत उघडला. नाव, गाव, देव, रंग. आठ हजार ओळी.

दोन तास ती क्लासच्या वहीत आणि स्क्रीनवर डोकं खुपसून बसली, आणि मग तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मनाई तिनं सुकराम या माणसाला केली होती. पण यंत्रात प्रत्येक माणूस ‘युजर्स’ नावाच्या गटातही असतो, आणि त्या गटाला सगळं पाहायची मुभा पहिल्या दिवसापासून तशीच होती. माणसाला नाही म्हटलं तरी गट हो म्हणत असेल, तर यंत्र हो म्हणतं. एकदा सुकरामच्या नावानं उघडून पाहिलं असतं तरी हे कळलं असतं. पण तिनं पाहिलं नव्हतं, कारण वडीलधाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून ‘काका, तुम्हाला उघडतं का बघू’ म्हणायची तिला लाज वाटली होती. चोर समजल्यासारखं वाटेल त्यांना! एवढा मान ठेवला तिनं, आणि किंमत रीनानं मोजली.

ती उठून बाकापाशी गेली. “मावशी, सांगितलं काकांनी. पण दार माझ्याकडून उघडं राहिलं. चूक माझी आहे.”

दुर्पता बाकावरून उठून तिच्याजवळ आली. मग आवाज उतरवून म्हणाली, “मंग एक काम कर. त्या दुर्गेशचं कार्ड कोणतं हाय, सांग. पांढरं असन त मी त्याच्या बापाच्या तोंडावर बोलतो. तुले त दिसते ना?”

दिसत होतं; दुर्गेशचं रक्त उन्हाळ्यातल्या शिबिरात तपासून झालं होतं, कार्ड न्यायला मात्र तो अजून आला नव्हता. एक नाव टाइप करायचं, बस्स. ‘पांढरं’ असं ऐकलं असतं तर ही माउली उद्याच मोडलेलं लग्न उभं करून आली असती. उर्वशीची बोटं खरोखर शिवशिवली. पण मग काकांत आणि तिच्यात फरक काय राहिला?

“नाही मावशी. ते त्याचं आहे. त्यानं येऊन विचारावं.”

“वा! आमचं उघडं, त्याचं बंद!” दुर्पता तडकली, आणि तिचं काय चुकलं?

तेव्हा रीना पहिल्यांदा बोलली. “माय, बाई बरोबर बोलून राहिली. माहं कार्ड मीच दुर्गेशले दाखवणार होतो. पोळा झाला का सांगतो, असं ठरवलं होतं. मले कोणी इचारलंच नाही.”

सुकरामकाकांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

त्या दिवशी उर्वशीनं निकाल वेगळ्या तक्त्यात हलवले. काकांच्या कामाचे नाव, गाव, देव एकीकडे, रंग दुसरीकडे. गटाची मुभा काढली, रिकामे पासवर्ड भरायला लावले. आणि मग लाज गुंडाळून म्हणाली, “काका, बसा. उघडून दाखवा.” काकांनी तीनदा प्रयत्न केला. उघडलं नाही. “आता बंद झालं,” ते म्हणाले, आणि रागावले वगैरे काही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दुर्गेशच्या बापाकडे गेले, ‘दुसऱ्याच्या घरची गोष्ट मी सांगतलो, चुकलो’ म्हणाले, आणि पोराला केंद्रात पाठवा एवढंच सांगून आले.

दुर्गेश आठवड्यानं आला. डॉक्टरांच्या खोलीतून पांढरं कार्ड घेऊन बाहेर पडला, आणि तिथल्या तिथे उर्वशीला म्हणाला, “मॅडम, रीनाले तुमीच फोन करून सांगा ना.”

“मी नाही सांगणार,” उर्वशी म्हणाली. “कार्ड तुझं आहे. घेऊन जा तिच्याकडे.”

तो गेला. त्यानंतर तीन दिवस उर्वशीचं कामात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून रीनाचा फोन आला.

“बाई, तो आला होता. रडला. मी अजून हो नाही म्हटलं. बापानं पिवळं म्हटलं त हा मले एक शब्द न इचारता घरात बसला. धान कापून होईपर्यंत थांबू दे त्याले. मंग मी हो म्हणतो. पण हे कोणाले सांगजा नोको. मायलेबी नाही. तिच्या पोटात राहत नाही.”

उर्वशी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी दुर्पता दारात हजर. राग ओसरला होता, घोर मात्र तसाच होता. “बाई, रीना तुह्याशी फोनवर बोलली म्हणते. पोरगी मले काही सांगून नाही राहिली. हो म्हणणार हाय का नाही?”

एका शब्दात त्या आईचा घोर मिटला असता.

“मावशी,” उर्वशी म्हणाली, “ते रीनाच सांगेल.”

दुर्पता दारातच थांबली. तिनं उर्वशीचा चेहरा नीट न्याहाळला, मग पदर सावरत म्हणाली, “बरं हाय. या खेपेले फुटलं नाही.”