हनुवटीएवढं कुंपण

सुतारानं जेवणाच्या टेबलावर कुंपणांचे फोटो पसरले आणि मी ते एकेक करून नापसंत केले. सिमेंटची भिंत म्हणजे तुरुंग. पत्रा उन्हात तापतो आणि वाऱ्यात बोंबलतो. तारेची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला शोभते, घराला नाही. तो बिचारा मान डोलावत राहिला. मला हवं होतं बाबांचं कुंपण, जसंच्या तसं. एकीला एक चिकटलेल्या उभ्या फळ्या, फिकट हिरवा रंग आणि उंची आईच्या हनुवटीएवढी.

ही उंची बाबांनी टेपनं मोजली नव्हती. आईला अंगणात ताठ उभं करून त्यांनी तिच्या हनुवटीखाली फळीवर पेन्सिलनं रेघ मारली. शेजारणीचं तोंड दिसावं, पण दोरीवरचे कपडे दिसू नयेत, असा त्यांचा हिशेब. पलीकडच्या काकू दोन बोटं बुटक्या भरल्या, तर त्यांच्या बाजूला विटांचा एक थर रचून दिला. त्या कुंपणावर हनुवटी टेकून दोघींनी पस्तीस वर्षं गप्पा मारल्या. दूध उतू गेलं, भाजी करपली, मी शाळेतून येऊन दप्तरासकट ताटकळले, पण आई तिथून हलायची नाही. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता तशी एक दुपार परत मिळावी म्हणून मी काहीही दिलं असतं.

बाबा गेले. मागच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे आणि बोलणंही जेमतेम. कुंपणाच्या फळ्या कुजून सुटायला लागल्या होत्या. मला वाटलं, निदान ते पूर्वीसारखं करावं, म्हणजे आईही थोडी पूर्वीसारखी होईल.

माप घ्यायला आम्ही अंगणात आलो. आई रोजच्या जागी होती, कुंपणाच्या टोकाला, जिथे दोन फळ्या गळून पडल्या होत्या. ऊन चांगलं लागतं म्हणून ती तिथेच बसायचा हट्ट धरते, असा माझा समज. मी तिला मोठ्या उत्साहानं फळ्या, रंग, उंची सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सुताराला विचारलं, या फटीचं काय करणार.

"बुजवणार, आजी. एवढीशी फट ठेवणार नाही."

आईचे ओठ थरथरायला लागले. बाबांची आठवण आली असेल म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो झटकला.

"त्यांनी माप घेतलं तेव्हा मी उभी होते," ती म्हणाली. "आता राहते का मी उभी?"

मी खाली वाकले. फटीतून पलीकडचं अंगण दिसलं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल घेऊन, आणि आमच्याकडेच बघत होत्या. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही आणि गुडघ्यांमुळे त्या फाटकाबाहेर पडत नाहीत. वर्षभर या दोघी दोन फळ्यांएवढ्या जागेतून एकमेकींना बघत होत्या. आणि आईची खुर्ची रोज तिथे नेऊन ठेवणारी मीच, तिला ऊन मिळावं म्हणून. मला माझीच लाज वाटली.

तारेची जाळी बसवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काकूंच्या सुनेनं त्यांची खुर्ची जाळीला अगदी खेटून लावली, मी आईची लावली. दोघींच्या गुडघ्यांत वीतभर अंतर उरलं. मी आत येऊन भांडी घासत होते, तेवढ्यात आईचा आवाज आला. काकूंना ऐकू जावं म्हणून ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं माझी चुगली करत होती. मी हेकट आहे, मला कुणाचं ऐकायला नको, स्वयंपाकात मीठ म्हणून घालत नाही, लहानपणापासून अशीच. वर्षभरात ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. मी नळ बंद केला आणि रडत रडत सगळं ऐकलं.