पीक नसताना झिजलेले विळे

मी एक जुनी धारेची शिळा आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेली. गोठ्याच्या दाराशी माझी जागा आहे आणि गेल्या साठ वर्षांत मला तिथून हलवण्याची कुणाची छाती झालेली नाही. मित्रांनो, नीट बसा. मी एकदाच सांगते.

खाणीतून मला पाथरवटाने काढले. त्याच्या छिन्नीचे घाव मी मुकाट्याने सोसले, म्हणून माझी पाठ अशी तुळतुळीत झाली. या घरच्या आजोबांनी मला स्वतःच्या खांद्यावरून आणले. विळा माझ्यावर धरण्यापूर्वी ते पत्र्याच्या मगातून माझ्यावर पाणी सोडत. कोरड्या शिळेवर पाते घासले की पातेही बिघडते आणि शिळाही, हे त्यांना ठाऊक होते. "हिच्यावरून गेलेला विळा गवताला कळूसुद्धा देत नाही," असे ते पाहुण्यांना सांगत. स्तुती ऐकायला मला आवडते. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

आजोबा गेले, त्यांचा मुलगा गेला. मग नातू धनी झाला. कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याच्या काळात लागोपाठ दोन वर्षे पाऊस फिरकला नाही. पहिल्या वर्षी पीक गुडघ्याएवढे होऊन करपले. दुसऱ्या वर्षी ते उगवलेच नाही. आणि त्याच दिवसांत धनी रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागला.

रानात कापण्यासारखे काही नव्हते. तरी तो घरातले पाचही विळे घेऊन येई, माझ्यासमोर उकिडवा बसे आणि एकेक पाते घाशीत राही. न्याहारी निवून जाई. बायकोने विचारले तर म्हणे, "काही नाही, जरा धार लावतोय." पण त्याच्या हाताचे वजन मला कळत होते. कधी हात इतका जड पडे, की माझ्या मध्यावरची खळगी त्या दोन वर्षांत पूर्वीच्या वीस वर्षांहून अधिक खोल झाली.

खरे सांगते, मी सुखात होते. गायीच्या मानेवरून त्याने हात फिरवला तरी मला खपत नसे. बायकोला जे कळत नाही ते मला कळते, या तोऱ्यात मी होते.

एके दिवशी धनीण गोठ्यामागच्या कुंपणावरचा वाळका वेल कापायला एक विळा घेऊन गेली. पहिल्याच ओढीला पाते काडीसारखे मोडले. ती तशीच परत आली आणि तो तुकडा तिने त्याच्यासमोर धरला.

"रानात गवताची काडी उभी नाही. मग हा झिजला कशानं?"

"धार असलेली बरी."

"कुणाला कापायला? बघा जरा. पाचही विळे निम्मे झालेत. आणि अहो, तुम्हीसुद्धा!"

त्याने पुढचा विळा उचलला. ती तडक शेजारी गेली आणि शेळ्यावाल्या आत्याला घेऊन आली. आत्या म्हणजे एकटीने तीस शेळ्या आणि खुराडाभर कोंबड्या सांभाळणारी बाई. तिच्या जिभेला माझी कधीच गरज पडली नाही.

"काय रे, दगडाशी बोलतोस म्हणे! मग? काय म्हणाला दगड?"

दगड! साठ वर्षांत माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. आणि धनी काय करतो? हसतो! दोन वर्षांत पहिल्यांदा हसला, आणि तेही माझ्यावर.

"हसू नकोस," आत्या म्हणाली. "मागल्या साली मी दिवसभर कोंबड्यांना शिव्या घालत होते. त्यांनी अंडी घालायचंच सोडलं, तेव्हा शुद्धीवर आले. दर गुरुवारी डेअरीला दूध घालून झालं की आम्ही चौघं जमतो. आज माझ्याकडे, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे. चल, ऊठ."

तो उठला. विळे माझ्यावरच टाकून गेला.

मित्रांनो, मत्सर ही फार वाईट खोड आहे, हे मी अनुभवाने सांगते. त्यांच्यात भांडण जुंपावे, त्याने रुसून परत यावे, अशी मी वाट पाहिली. तो गुरुवारी जाऊ लागला. पुढे आत्या त्याला दवाखान्यातही घेऊन गेली, कारण त्याची झोप पार उडाली होती. घासण्याचे दिवस कमी कमी होत गेले. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या ठोकळ्याला जाळे लावले आणि मला ते निमूट सोसावे लागले.

मग एका गुरुवारी ती मंडळी आमच्याच अंगणात आली. पाच माणसे, चार पाट. पाचवा गृहस्थ कुंपणापलीकडचा मळेवाला, अंगाने चांगलाच भरलेला. तो थेट माझ्यावर बसला! मी हूं की चूं केले नाही, पण त्याच्या बुडाखालून सगळे ऐकले.

धनी खाली बघत म्हणाला, "सकाळी उठावंसंच वाटत नाही. उठलो तर काय करायचं, कळत नाही. म्हणून विळा घेऊन बसतो. हात चालले की डोकं जरा गप्प बसतं."

मळेवाला माझ्यावरच जरा सरकला. "मी कुंपणाचे खिळे उपटतो," तो म्हणाला, "आणि परत ठोकतो. महिना झाला. घरचे म्हणतात, केवढा कामसू माणूस!"

कुणी हसले नाही. मग आत्याच हसली, आणि मग सगळेच. मळेवाल्याने डोळे पुसले. उठण्यापूर्वी त्यांनी ठरवले, की आठवड्यातून एक दिवस एकाने दुसऱ्याची गुरे सांभाळायची, म्हणजे त्याला त्या दिवशी सुट्टी.

तेव्हा माझा तोरा उतरला. मला कळत होते ते फक्त हाताचे वजन. "का रे, झोपला नाहीस?" एवढे साधे वाक्य मला साठ वर्षांत उच्चारता आले नव्हते. मला त्याचा सहवास हवा होता, म्हणून मी त्याचे दुःखच हवे म्हणत होते. हे कबूल करताना माझी मान खाली जाते.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला, उशिरा आणि बेताचा. निम्मे रान पिकले. कापणीच्या सकाळी धनी नवा विळा घेऊन आला. कोळ्याला हळूच बाजूला केले, मगातून पाणी सोडले, दहा वेळा पाते फिरवले आणि उठला. फक्त दहा! मी रागावणारच होते. पण त्याचा हात हलका होता. तसा हात मला आजोबांनंतर लाभला नव्हता.

म्हणून सांगते, आणि हे ऐकलेच पाहिजे. तुमच्या घरी कुणी पीक नसताना विळे घाशीत असेल, खिळे उपटून ठोकत असेल, तर त्याच्या कामसूपणाचे कौतुक करत बसू नका. त्याच्यासमोर बसा आणि विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि माझ्यावर पाते धराल तेव्हा आधी पाणी सोडा.

सकाळ झाली की मी अजून त्याच्या पावलांकडे कान लावते. बहुतेक दिवस तो येत नाही. न येवो.