मुलीचा बाप

भिमाजींच्या डोक्यावरची झेंडूची पाटी सिनेमाच्या सहायक दिग्दर्शकानं उतरवून घेतली आणि तिथं जुन्या वळणाचा फेटा गुंडाळायला सुरुवात केली.

"बाबा, पाच मिनिटांचं काम. ठरलेला माणूस आलाच नाही. तुमचा चेहरा अगदी मुलीच्या बापाचा आहे."

भिमाजींची मुलगी सुवर्णा प्राचार्यांच्या कचेरीबाहेर व्हरांड्यातच थांबली. देवळालीजवळच्या या निवासी शाळेत ती दहा वर्षांनी पाऊल टाकत होती, तेही सिनेमावाल्यांना फुलं पोचवायला. शिष्यवृत्तीवर शिकणारी माळ्याची पोर आणि कारखानदाराचा मुलगा ग्रंथालयामागे हातात हात घेऊन बसलेले सापडले, तेव्हा शाळेनं काढलं ते फक्त तिला. त्या दिवशी भिमाजींनी याच कचेरीत सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली होती आणि प्राचार्यांपुढे हात जोडले होते. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं.

आत दिग्दर्शक समजावत होता. "गोष्ट इंग्रजांच्या काळातली. ही तुमची मुलगी. प्रेमात पडली म्हणून हिला शाळेतून काढतायत. तुम्ही हिला एक ठेवून द्यायची, मग साहेबांना हात जोडायचे. संवाद नाही."

भिमाजींनी समोर पाहिलं. साहेबाच्या वेषातल्या नटाच्या पलीकडे, कॅमेऱ्यालगत, खरे प्राचार्य चहा पीत बसले होते. केस पिकले होते. बसण्याची ऐट तीच.

"ॲक्शन!"

नटी डोळे मिटून वाट पाहत राहिली. भिमाजी हलले नाहीत.

"कट! बाबा, पोरीनं नाक कापलंय तुमचं. राग येऊ द्या जरा."

"आलाय," भिमाजी म्हणाले. फेटा काढून त्यांनी टेबलावर आपटला आणि नटाला ओलांडून ते थेट प्राचार्यांपुढे उभे राहिले. "साहेब, आन् त्यो पोरगा? त्याला का नाय काढलं?"

"कुठला मुलगा?" प्राचार्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. "हे स्क्रिप्टमध्ये आहे का?"

"माझी पोरगी भाईर उभी हाय. सुवर्णा. तिला इचारा, कुठला ते!" भिमाजींचा आवाज फाटला. "तवाच इचारायला पायजे व्हतं मी. हात जोडले तुमाला, आन् हाणलं कुणाला? तिला!"

प्राचार्यांनी दाराकडे पाहिलं. सुवर्णानं नजर हटवली नाही. त्यांना ती ओळखू आली नाही.

दोघांनी भिमाजींना दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. फेटा दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर चढला. ते पायऱ्या उतरेपर्यंत आत चापट वाजली. मग टाळ्या.

भिमाजी जागच्या जागी थांबले.

"तवा लय लागलं व्हतं का गं?"

"हो," सुवर्णा म्हणाली.

ती रोजच्यासारखी पुढं निघून गेली नाही. ते पुन्हा चालू लागेपर्यंत उन्हात उभी राहिली.