दोन बोटं, पण समोरून

लवंगीने बँकेतल्या साहेबांना कुंपणावर बसवलं, त्या दिवशी सासऱ्यांनी हात टेकले. साहेब घोडेस्वारी शिकायला आलेले, वयाने पोक्त. घोडी काही केल्या थांबत नाही म्हटल्यावर ते बिचारे स्वतःच थांबले, वाटेत आलेल्या पहिल्या लाकडाला मिठी मारून. चष्मा नंतर सापडला. साहेब मात्र पुन्हा फिरकले नाहीत.

"रविवारी वखारवाला येतोय," सासरे जेवताना म्हणाले. "ओंडके ओढायला जनावर हवंय त्याला. लवंगी देऊन टाकू."

सुनेचा घास हातातच राहिला. ही घोडी तिची होती, म्हणजे कागदावर सासऱ्यांची असेल, पण आई गेलेल्या त्या शिंगराला बाटलीने दूध कोणी पाजलं होतं? तिनेच. लवंगी आजारी पडली तेव्हा तबेल्यात गवतावर कोण झोपलं होतं? तीच. आणि आता तिने उन्हातान्हात ओंडके ओढायचे?

"बाबा, रविवारी मी तिला तुमच्यासमोर चालवून दाखवते," ती म्हणाली. "चारी कोपरे वळवून मैदानाच्या मधोमध उभी केली, तर ती राहील."

"आणि नाही उभी राहिली तर?"

"तर मीच तिला गाडीत चढवेन."

बोलून गेली खरी, पण मग ती ताटातला भात नुसता चिवडत बसली.

शेजारी बसलेल्या नणंदेने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हिने घरच गहाण टाकलंय. नणंद वयाने मोठी, चामड्याच्या कामात हात बसलेली. तबेल्याला लागूनच तिची खोली होती आणि तिथे बसून ती खोगिरं, लगाम, पट्टे शिवायची. ती हिला वहिनी म्हणायची, म्हणून शिकायला येणारेही वहिनीच म्हणायला लागले होते.

आता लवंगीचा दोष काय, तर एकच. तोंडात लगामाची लोखंडी कडी घातली की ही बया आ वासायची, जीभ मागे ओढायची आणि कडीच्या वर काढून ठेवायची. एकदा जीभ वर आणि कडी खाली झाली, की मग लगाम ओढा नाहीतर शीळ घाला, तिला सगळं सारखंच. दात डॉक्टरांनी तपासले होते. कडी मापाची होती. राहता राहिला नाकपट्टा, म्हणजे नाकाच्या हाडावरून जबड्याखाली जाणारा चामड्याचा पट्टा, तोंड फार उघडू नये म्हणून बांधतात तो.

वहिनीने एकही पट्टा सोडला नव्हता. साधा रुंद बांधून पाहिला. कडीच्या खालून जाणारा पाहिला, त्याने घोडी फुरफुरून हैराण. नाकावर फुली मारणारा पाहिला. वर एक जादा पट्टी जोडलेला पाहिला. प्रत्येक नवा पट्टा आधीच्यापेक्षा एक भोक घट्ट, आणि प्रत्येक वेळी लवंगी आधीपेक्षा जास्त बिथरलेली. तरी घरचा नियम कुणी मोडला नव्हता. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, हा सासऱ्यांचा नियम. ते स्वतः घोड्याच्या खांद्याशी उभे राहून गालाकडून बोटं सरकवायचे, वहिनीच्या नवऱ्याला त्यांनी तसंच शिकवलं, नणंदेला तसंच, वहिनीलाही तसंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी सगळे पट्टे खांद्यावर टाकून नणंदेच्या खोलीत शिरली आणि ते तिने कापायच्या फळीवर ओतले.

"वन्सं, यातला कुठला ते तुम्हीच सांगा. माझं डोकं चालत नाही."

"मला काय विचारतेस? मी काय घोडी आहे?"

"स्वभावाने म्हणाल तर थोड्या आहातच."

नणंदेने दोरा दाताने तोडला आणि हसू दाबलं. "मग घोडीला विचारायचं का? बस इथे. आज तूच लवंगी."

वहिनीला वाटलं, थट्टा चालली आहे. पण नणंद एकदा उठली की उठली. तिने चहाचा चमचा धुऊन वहिनीच्या तोंडात आडवा दिला, ही कडी. मग शिंगराचा एक जुना पट्टा घेतला, नाकावरून हनुवटीखाली आणला आणि बक्कल लावलं. गालाकडून दोन बोटं सरकवली. बोटं आरामात गेली.

"दोन बोटं जातात. सैल आहे," नणंद म्हणाली. "आता गिळ बघू."

वहिनीला गिळता येईना. नाकाच्या हाडावर पट्टा असा बसला होता की डोळ्यांत पाणी आलं. दात चमच्यावर दाबले गेले, आणि जीभ, तिचं काय करायचं तेच कळेना. चमच्याखाली ठेवावी तर दबते, पुढे न्यावी तर जागा नाही. तिने ती मागे ओढली आणि चमच्याच्या वर काढली. लगेच बरं वाटलं.

लवंगीही हेच करायची! मग तिने नणंदेचा हात धरला आणि तिचं बोट स्वतःच्या नाकाच्या हाडावर, पट्ट्याच्या कडेशी टेकवलं. बोट सोडा, नणंदेचं नखसुद्धा आत जाईना.

"अगं बाई," नणंद हळूच म्हणाली आणि तिने घाईघाईने बक्कल सोडलं.

"गालाला मांस असतं, वन्सं," वहिनी चमचा काढत म्हणाली. "तिथे बोटं जाणारच. हाड कुठे आत जातंय? आपण सगळे चुकीच्या जागी मोजतोय. माझी पोर जीव तोडून सांगत होती आणि मी तिला आणखी आवळत होते."

आणि तिला रडू कोसळलं. नणंदेने रडू दिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणाली, "बाबा बाजूने का बघतात, माहीत आहे? मी लहान असताना आपल्याकडे काळ्या नावाचा घोडा होता. तोंडासमोर हात आला की मागच्या पायांवर उभा राहायचा. त्याला समोरून हात लावायची सोयच नव्हती. काळ्या गेला, पण बाबा तिथेच उभे राहिले."

त्या दोघींनी मग साधा रुंद पट्टाच निवडला, सगळ्यांत आधी नाकारलेला. नणंदेने नाकाकडच्या बाजूला आतून मऊ चामडं शिवलं आणि पट्ट्याला टोकाकडे दोन नवी भोकं पाडली. वहिनीने लवंगीच्या समोर उभं राहून हाडावर दोन बोटं ठेवली आणि त्यांच्यावरून बक्कल लावलं. घोडीने मान वर केली नाही. उलट तिच्या बाहीत नाक खुपसलं.

सासऱ्यांचा गुडघा धरला होता, ते न्याहारीआधी तबेल्याकडे येत नसत. त्यामुळे सकाळ या दोघींचीच. पहिल्या सकाळी लवंगीने सवयीने आ वासला, जीभ वर काढली आणि वहिनीला कुंपणापर्यंत नेऊन आणलं. वहिनीने लगाम ओढला नाही, हात नुसते स्थिर ठेवले. पुढच्या सकाळी आ निम्म्यावर आला. मग एके दिवशी घोडी चालता चालता कडी चघळायला लागली, ओठांवर फेस आला, आणि वहिनीच्या हातात लगाम असा हलका लागला की तिला आधी वाटलं तुटलाच. खोलीच्या दारात नणंद शिवण सोडून उभी होती. तिने डोळे पुसले आणि चामड्याची धूळ गेली म्हणून सांगितलं.

रविवारी वखारवाला फाटकाशी टेम्पो लावून उभा राहिला. सासरे काठी टेकत आले, लवंगीच्या खांद्याशी गेले आणि सवयीने गालाकडून बोटं घातली. दोन काय, अख्खी मूठ गेली.

"हे काय लोंबतंय? सूनबाई, ही उघड्या तोंडाने टेम्पोवर जाऊन आदळेल. घट्ट कर."

"नाही करणार, बाबा."

या घरात त्यांना असं कुणी बोलत नसे. नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. वखारवाल्याने गाडीचं मागचं फळकं खाली सोडलं, वाद म्हणजे घोडी आपली, एवढंच त्याला कळलं.

"शब्द आठवतोय ना?" सासरे म्हणाले.

"आठवतोय. मीच चढवेन."

ती खोगिरावर बसली. लवंगी निघाली, आणि बरोबर त्याच कुंपणाशी, जिथे साहेब बसले होते, तिने तोंड उघडलं. सासऱ्यांची काठी जमिनीवर आपटली. वहिनीने हात हलवला नाही. घोडीने क्षणभर जीभ चाळवली, तिला कशाचीच अडचण सापडली नाही, आणि तोंड मिटलं. मग पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. घोडी दुडक्या चालीने आली, मान कमानीसारखी वाकवून, कान वहिनीकडे लावून. चौथ्या कोपऱ्यावर वहिनीने तिला दौडीवर घेतलं, हे तर ठरलंही नव्हतं. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून दोघींनी अख्खं मैदान फिरून घेतलं, आणि मधोमध आल्यावर वहिनी फक्त ताठ बसली, श्वास सोडला. लवंगी उभी राहिली. चारी पाय जागच्या जागी, तोंडात कडी, कडीखाली जीभ.

मग नणंदेने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, तीसुद्धा वडिलांसमोर.

सासरे मैदानात चालत आले. वहिनी खाली उतरली आणि तिने त्यांचा हात धरून लवंगीच्या समोर आणला. म्हाताऱ्याचा हात अर्ध्यावर अडखळला, काळ्याची आठवण असेल. लवंगीने मान पुढे केली. त्यांनी हाडावर दोन बोटं ठेवली, ती आत गेली. मग त्यांनी ती बाहेर काढून बराच वेळ पाहिली.

"इथून कधी बघितलंच नाही मी," ते म्हणाले. "किती घोडी गेली हाताखालून."

"मालक, माझं काय?" वखारवाला फाटकातून ओरडला.

"तुमची गाडी रिकामी जाईल. चहा घेऊन जा," सासरे मागे न बघता म्हणाले, आणि काठी कुंपणाला लावून तबेल्यात शिरले.

दोघी त्यांच्या मागे गेल्या. ते पहिल्या कप्प्यातल्या घोड्याच्या समोर उभे होते, अगदी समोर. खोगीर घालून तयार उभा होता तो. त्यांनी नाकपट्ट्याखाली बोटं सरकवून पाहिली, गेली नाहीत. त्यांनी बक्कल एक भोक सैल केलं, मग आणखी एक. घोड्याने लांब जांभई दिली.

"पोरी, तुझी आरी आण," ते नणंदेला म्हणाले. "सगळ्यांनाच नवी भोकं पाडावी लागतील."

आणि दुखरा गुडघा घेऊन ते पुढच्या कप्प्याकडे वळले.