सहाव्या दुर्जयचं परीक्षण

विष्णुपंत मेढेकरांनी आयुष्यात कुणाला दहापैकी आठ गुण म्हणून दिले नाहीत. शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं तेव्हा नाही, आणि निवृत्तीनंतर सांगलीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमांची परीक्षणं लिहायला लागले तेव्हाही नाही. विश्रामबागेतली माणसं ती पुरवणी आधी त्यांच्यासाठी उघडत, कारण दुसऱ्याची खरडपट्टी वाचायला मजाच येते. माणूस वाईट नव्हता हो. पण कौतुक करायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा, आणि त्याचा सगळ्यात जास्त मार बसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, अनीशला.

इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून अनीश सिनेमे लिहायला मुंबईला निघाला, तेव्हा पंत पेपर वाचत होते. पोरगं पाया पडायला वाकलं. पंतांनी पेपर खाली केला नाही. "जाताना दार ओढून घे," एवढंच म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली. अनीश आईला फोन करी, दिवाळीला तिला मुंबईला बोलावून घेई, पण सांगलीच्या घरी काही तो परत आला नाही. पंतांना हे किती टोचतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ते कुणाला कळूच दिलं नव्हतं.

आता त्याचं नाव पडद्यावर येणार होतं. एजंट दुर्जयच्या मालिकेतला सहावा हिंदी सिनेमा. लेखक तिघे, त्यातला तिसरा अनीश.

"सिनेमा लागला की चार दिवस घरी येतो म्हणालाय," शरयूताईंनी नवऱ्याला सांगितलं. मग जरा चाचरत म्हणाल्या, "अहो, या खेपेला नका ना लिहू काही."

"लिहिणार. नाही लिहिलं तर त्याला वाटेल, बापानं पाहिलासुद्धा नाही."

पंतांना खरोखरच मुलाला जवळ करायचं होतं. आणि त्यासाठी त्यांच्यापाशी परीक्षण सोडून दुसरं काही नव्हतं, आता याला काय म्हणावं.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला दोघं गेली. पहिल्या भागात तिशीचा असलेला दुर्जय आता साठीला टेकला होता. इस्तंबूलच्या छपरांवरून धावताना त्याची फक्त पाठ दिसे, आणि ती पाठ पंचविशीतल्या भलत्याच कुणाची आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पाच देश, लेक शोभेल अशी नायिका, आणि लॅपटॉपवर चार बोटं आपटून वाटेल ती तिजोरी उघडणारी एक मुलगी. जिन्यातली मारामारी मात्र झकास होती. संगीत नाही, काही नाही. दुर्जयला धाप लागते, तो कठडा धरून उभा राहतो आणि कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही. 'म्हातारपण लपवायचं सोडलं तिथे सिनेमात जीव आला,' असं पंतांनी अंधारातच वहीत टिपलं आणि स्वतःवर खूश झाले.

मधेमधे फाइलींच्या खोलीतला एक बुजुर्ग अधिकारी येई. दुर्जयनं जिवावर उदार होऊन आणलेला अहवाल तो शेवटपर्यंत वाची, चष्मा कपाळावर चढवी आणि म्हणे, "ठीक आहे. पण पुन्हा लिहून आण." चार वेळा हेच. शेजारच्या खुर्चीतला टोपीवाला गडी खुदखुदत होता. "आवं काका, हिरोपरास ह्यो म्हातारा लय भारी हाय की," तो म्हणाला. पंतांनी वहीचं पान उलटलं. लोक काय, कशालाही हसतात.

शेवटाकडे वाईचा घाट आला. दुर्जय वीस वर्षांनी घरी जातो. बाप पेपर वाचत बसलेला. पेपर खाली होत नाही, पण त्यामागून एक हात बाहेर येतो आणि पाण्याचा तांब्या मुलापुढे सरकवतो. पंतांचे डोळे भरून आले. त्यांचं बालपण वाईचं, घाट तोच, पेपर तोच. आपण न दिलेलं पाणी पोरानं आपल्या हातून देववलं, म्हणजे त्यानं आपल्याला माफ केलं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी लिहायला बसले. स्तुती खरी वाटावी म्हणून बाकीच्या सिनेमाला त्यांनी नेहमीपेक्षा जास्तच झोडपलं. 'फाइलींच्या खोलीतला तो गृहस्थ कशासाठी, हे लेखकालाच ठाऊक. एकच वाक्य चारदा बोलणारा हा कंटाळवाणा मनुष्य कात्रीतून सुटला कसा? मात्र वाईचा प्रसंग ज्याने लिहिला, त्याला पैकीच्या पैकी गुण.' पैकीच्या पैकी, बरं का. जन्मात पहिल्यांदा. शरयूताईंना वाचून न दाखवताच त्यांनी ते पाठवून दिलं.

रविवारी अकरा वाजता फोन आला. दोन शब्द बोलून शरयूताईंनी तो पंतांच्या हातात दिला.

"परीक्षण वाचलं, बाबा," अनीश म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"तो वाईचा प्रसंग, अनीश... फार चांगला लिहिलास रे."

"तो माझा नाही. लखनौचे एक लेखक आहेत आमच्यात, त्यांचा. त्यांच्या वडिलांवरून लिहिलाय. वाईत सगळेच शूटिंग करतात, बाबा. पुण्याहून जवळ पडतं."

"मग तुझं काय होतं?"

"फाइलींच्या खोलीतला म्हातारा. तेवढाच माझा. दिग्दर्शक काढा म्हणत होते, मी भांडून ठेवला. म्हटलं, त्याला काढू नका. सगळ्या ऑफिसात तो एकटाच असा आहे, जो दुर्जयचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचतो. असो. कंटाळवाणा वाटला तर वाटला. आणि आईला सांगा, या आठवड्यात येणं काही जमत नाहीये."

फोन बंद झाला. शरयूताई समोरच उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तो म्हातारा म्हणजे मी होतो," पंत म्हणाले.

"हो. मी थिएटरातच ओळखलं. त्याचे निबंध तुम्ही असेच शेवटपर्यंत वाचून परत करायचात."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हीही ओळखलंत," त्या म्हणाल्या. "स्वतःला न ओळखण्याइतकं काय अवघड होतं त्यात? अकरा वर्षांत पोरानं तुमच्याबद्दल एक बरी गोष्ट सांगितली, तीही तुम्ही चारचौघांत कापायला लावलीत." आणि त्या आत गेल्या.

पंतांनी मोबाइल घेतला आणि अनीशला निरोप लिहायला घेतला. 'चूक झाली, घरी ये,' असं लिहिलं. ते फार उघडं वाटलं, म्हणून खोडलं. मग चार ओळी लिहिल्या, त्यातली तिसरी पाल्हाळिक वाटली, मग चारही खोडल्या. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी 'ठीक आहे' एवढंच लिहून त्यांनी पाठवून दिलं.