आठशे साठ काय?

हे गेले त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आमची खोली गार पडली. मी तक्रार करायचे आणि मुलगा-सून एकमेकांकडे बघायचे. म्हातारीला थंडी बाहेरून नाही, आतून वाजतेय, असं त्या बघण्यात असायचं.

"आई, मागच्या खोलीत ये ना झोपायला," मुलगा म्हणाला. "तिथं दिवसभर ऊन असतं. ही खोली नाहीतरी आता..." पुढचं त्याने गिळलं.

तो मायेनेच म्हणत होता. पण आमचा सगळा संसार याच खोलीत झाला होता. ह्यांच्या मागे तीही सोडायची, हे काही मला झेपणारं नव्हतं.

"जुना हिटर होता तेव्हा एवढं गारठत नव्हतं," मी म्हटलं.

"अगं, त्यातून गॅस गळत होता म्हणून तर काढला. नवा विजेचा आहे, पण तेवढ्याच ताकदीचा. जुन्याची पाटी मी स्वतः वाचलीय. आठशे साठ. दुकानात साडेआठशेचा मिळाला. दहानं काय आभाळ कोसळतंय?"

"आठशे साठ काय?"

"वॅट. आणखी काय असणार?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. ह्यांचा जन्म कारखान्यांतले बॉयलर दुरुस्त करण्यात गेला. एकाच्या पाटीवर कॅलरी, दुसऱ्याच्या किलोवॅट, तिसऱ्याच्या हॉर्सपॉवर. दिवसभर ते एकातून दुसऱ्यात उतरवायचे आणि घरी येऊन माझी उलटतपासणी घ्यायचे.

"सांग बघू, एक किलोवॅट म्हणजे तासाला किती किलोकॅलरी?"

"आठशे साठ," मी मटार सोलत म्हणायचे. "आणि मी बायको आहे, तुमची शिकाऊ नाही."

"शिकाऊ इतकं पटकन कुठं सांगतात?"

काय खूश व्हायचे!

"माळ्यावरचा तो जुना हिटर खाली काढ," मी मुलाला म्हटलं.

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

कुरकुरत त्याने काढला. ओल्या फडक्याने मी पाटी घासली. आठशे साठच्या खाली बारीक अक्षरं वर आली : किलोकॅलरी, दर तासाला.

"म्हणजे हजार वॅट," मी म्हटलं. "दीडशे तू वाटेत सांडलेस."

तो तिथंच फरशीवर बसला आणि हसायला लागला. "बाबांनी कान उपटला असता माझा."

"छे! जेवताना रोज विचारलं असतं. त्यापेक्षा कान परवडला."

"पण आई," सून म्हणाली, "दीडशेनं एवढी हुडहुडी भरते?"

"दीडशे नाही गं, अडीचशे. माणूस दिवसभरात दोन हजार किलोकॅलरी खातो. शेवटी त्या सगळ्याची ऊबच होते. चोवीस तासांवर वाटून वॅटमध्ये उतरवलीस की होतात जवळजवळ शंभर. माझे पाय गार पडले की हे म्हणायचे, शंभर वॅटचा हिटर शेजारी पडलाय, वापर की."

मुलगा पाटीवरून उगाचच अंगठा फिरवत राहिला.

"मग मी अकराशेचा आणतो," तो म्हणाला. "बाबांचेही भरून निघतील."

"हजारचाच आण."

"अगं, पण गार लागेल ना थोडं?"

"लागू दे. ते शंभर दुकानातून आणायचे नाहीत."

हजारचाच आला. खोली बरीच उबदार झाली आणि मागच्या खोलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी अजून पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते. झोपेत हात पलीकडे जातो. चादर गार लागते. मी हात मागे घेत नाही.