अर्ध्या गावाचा उपास

“माह्या भगरीत हरभऱ्याची डाय घुसवली बे तुह्या मोबाईलनं! उद्याची एकादस काय तू धरशीन माह्या नावानं?”

सत्यभामा काकूनं पिठाचा डबा सरका माह्या नाकाले लावला. पीठ पिवळसर दिसून राह्यलं होतं. भगरीचं पीठ पांढरंफट राह्यते, एवढं मलेबी समजते. पन गिरनीत सगळ्या बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या. त्यायच्यासमोर मी काऊन कबूल करू?

“जराशीच तं लागली काकू. डोये मिटून खाऊन टाका.”

“अन् देवाले काय सांगू? तूबी मिट म्हनू?”

बाया खदखदा हासल्या. तिथं माही सटकली.

“माह्या प्रोग्रामची काई चूक नाई,” मी म्हनलं. “नंबर लागला तसं दळलं. तुमचा डबा डाळीच्या मांगं आला, त्याले मी काय करू? लवकर याचं होतं!”

अन्नपूर्णा मावशी, गिरनीची मालकीन, फुडं आली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसत म्हने, “मी म्हनून राह्यली होती ना रे शेखर, भगर डायीच्या मांगं टाकू नोको. तूच म्हनला, मावशी, आता तुमी डोकं लावू नोका, पडद्यावर येईन थेच टाका.”

हे खरं होतं. म्हनूनच जास्त राग आला. भिंतीवर ठोकलेला माहा जुना मोबाईल उपसला, “करा मंग तुमच्या मनानं” म्हनलं, अन् निघालो.

आता पहिल्यापासून सांगतो, नाई तं तुमी म्हनसान, हे पोट्टं बायायच्या गिरनीत काय करून राह्यलं.

आमच्या अमडापुरात बाजाराच्या मैदानामांगं मावशीची गिरनी हाये. तिथं मानूस लायनीत उभा राहत नाई, त्याचा डबा राहते. सकाळी डबा लायनीत ठेवाचा अन् वावरात, बाजारात, जिकडं जाचं तिकडं जाचं. पन मावशी लायनीतला मधातलाच डबा उचले. कधी मांगचा, कधी कोपऱ्यातला. बाया कुरकुर करत, “आपल्या-आपल्यायचं आधी दळते.” माही मायबी त्यातच. शाळा सोडल्यापासून आमच्या घरचा डबा माह्याच खांद्यावर, तं मीबी पाहून ठेवलं होतं. मले वाटलं, चोरी सापडली. याच्यावर आपन इमानदार प्रोग्राम लिहू. ज्याचा डबा आधी, त्याचं दळन आधी. दळन झालं का मोबाईलवर मेसेज. वशिला बंद.

अन् प्रोग्राम कायले, तं गार्गीताईसाठी. चिखलीत तिचं लहानसं ऑफिस हाये, दुकानायचे अन् शाळायचे प्रोग्राम बनवते. मी दहावीत शाळा सोडली, मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ पाहून कोडिंग शिकलो, अन् एक दिवस सरका तिच्या दारात जाऊन म्हनलं, मले कामावर ठेवा. तिनं मार्कशीट नाई मांगतली. एक जुना लॅपटॉप दिला, बॅटरी मेलेला, चार्जर निंघाला का बंद. अन् म्हणाली, “तू लिहिलेलं काहीतरी लोक रोज वापरतायत आणि तू तिथे उभा नाहीस, एवढं मला दाखव. मग बोलू.”

बापाची अट वेगळी. आमची मेथी, कोथिंबीर, वांग्यायची शेती. बाप म्हने, “पोळ्यापर्यंत पाहतो. नाई जमलं तं थो लॅपटॉपचा डबा त्या बाईले वापस, अन् तू वावरात. बटनं दाबून मेथीची जुडी बांधल्या जात नाई.”

म्हनजे गिरनी चालली तं चिखली, नाई तं मेथी. अन् मी तं मोबाईल उपसून बाहीर आलो होतो.

बसस्टँडवर जाऊन गार्गीताईले फोन लावला.

“ताई, या लोकायची लायकीच नाई कॉम्प्युटरची.”

“हळू बोल. बिघडलं कोणाचं?”

“सत्यभामा काकूची भगर. डाळ लागली तिले.”

“आणि लायकी त्यांची नाही?” ती हासली. “लिहायच्या आधी गिरणीत किती वेळ बसला होतास?”

“बसाचं काय त्यात? गिरनी काय मी पाह्यली नाई?”

“डबा ठेवून पळणारा गिरणी कुठे बघतो रे? उद्या जाऊन नुसता बस. लॅपटॉप घरी ठेव. जमलं तर तोंडपण.”

मी फोन कापला. तिनं वापस लावला नाई. तिचं हेच वाईट हाये, थे भांडतच नाई. एकट्यानं किती भांडनार?

घरी आलो तं मायले सगळं आधीच माहीत. अमडापुरात बातमीले मोबाईल लागत नाई. तिनं भगरीची पिशवी माह्या हातात देली. “घे. सकाळी दळून सत्यभामाबाईले नेऊन दे. आपन साबुदाना खाऊ.”

“मी नाई जात.”

“बरं. मंग बापासंग जा, मेथी उपटाची हाये.”

सकाळी मी गिरनीत होतो.

मावशीनं मले पाह्यलं अन् हातातली पिशवी घेतली. आधी गिरनीच्या दगडायवर कुंचा फिरवला. मंग पीठ पडते ना ज्याच्यातून, थे कापडी नळी सोडून बाहीर नेऊन झटकली. झटकली म्हनजे अशी झटकली का कुत्रं पळालं. अन् मंग माही भगर टाकली. पांढरंफट पीठ. मी थे काकूच्या घरी नेऊन देलं. काकू डब्यात बोट घालून म्हने, “आता कसं शहान्यासारखं दिसते. पीठ म्हनून राह्यली, तुले नाई.”

वापस येऊन पोत्यावर बसलो. उपासाचं सरलं तसं मावशीनं लायनीच्या मधातून ज्वारीचे डबे उचलले. मंग बाजरी. मंग गहू. माह्या मायचा डबा समोरच होता, त्यात डाळ होती, थो शेवटाले गेला. मी नखं चावत पाहून राह्यलो होतो. डाळ सरली तं मावशीनं घरून आनलेली मक्याची भरड टाकली. पिवळं, चिकट, काईतरी बाहीर पडलं.

“हे कोनाचं?”

“गाईचं. दगडाले लागलेलं निंघून जाते. गायबी खूश.”

दुसऱ्या दिवशीबी बसलो, अन् नंतरबी. रोज तेच. वशिला-गिशिला काई नव्हता. डबे मानसाच्या नंबरानं नाई, आतल्या धान्याच्या नंबरानं उठत होते. अन् गावातल्या एकाही बाईले हे माहीत नव्हतं, कारन डबा ठेवला का सगळ्याच पळतात. माह्यासारख्याच.

“मावशी, हे मले आधी काऊन नाई सांगतलं?”

“तू इचारलं कुठी? आल्याबरोबर भिंतीत खिया ठोकाले लागला.”

मी सगळं पुसून नव्यानं लिहिलं. मोबाईल वापस गिरनीच्या दारात ठोकला अन् पडद्यावर मोठे मोठे फोटो टाकले: भगर, ज्वारी, बाजरी, गहू, डाळ. बाईनं डबा ठेवाचा, आपल्या धान्याच्या फोटोवर बोट दाबाचं, नाव बोलाचं. प्रोग्राम आधी उपासाचं घेईन, डाळ शेवटाले. मले वाटलं, आता तं झेंडाच गाडला.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं अर्ध्या गावाचा उपास.

ना एकादस, ना चतुर्थी, ना सोमवार. पडद्यावर वरून खालपर्यंत भगरच भगर. अन् डब्यायत गहू. सत्यभामा काकूचा डबा सगळ्यात वर.

“काकू, गव्हाचा उपास कधीपासून सुरू झाला?”

“तुहाच मोबाईल म्हनते ना, उपासाचं पहिले? मंग मी कायले शेवटी राहू? मी काय येडी हावो?”

बाकीच्या बायाबी मान हालवून राह्यल्या. माही सटकाले आलीच होती. हात खिळ्यापर्यंत गेला. पन मावशी गिरनीच्या मांगं तोंडात पदर कोंबून हासून राह्यली होती, हासता हासता पिठाचा ढग उडून राह्यला होता, अन् मलेबी हासू आलं. खरं सांगू? काकूनं माह्या प्रोग्राममधलं भोक एका मिनिटात शोधलं होतं. मले हप्ताभर दिसलं नाई. तिले गार्गीताईच्या ऑफिसात बसवाले पाह्यजे.

मंग मी परत पोत्यावर बसलो. या टायमाले मावशीचे हात पाह्यले. थे प्रत्येक डब्याचं झाकन उघडते, दाने मुठीत घेऊन दाबून पाहते, ओले तं नाईत ना म्हनून. झाकन तं थे तसंबी उघडतेच! मंग फोटो बाईनं कायले दाबाचा? मावशीनंच दाबाचा. मोबाईल दारातून काढून तिच्या उजव्या हाताशी लावला. तिचं काम वाढलं नाई, अन् गावाचा उपास सुटला.

काई गोष्टी तरीबी वाकड्याच राह्यल्या. गावातल्या प्रेमानंदच्या मायनं मेसेजसाठी देलेला नंबर तिचा नाई, सरका पोराचाच होता, अन् प्रेमानंद पुन्यात नोकरीले. त्यामुळं दळन झाल्याचा मेसेज पुन्याले जाये. थो तिथून मायले फोन करे, “आई, दळण झालं, डबा घेऊन ये.” पहिले तं महिन्यातून एकदा फोन करे म्हनते. मी दुरुस्त कराले गेलो तं म्हातारी मांगंच लागली, “हात लावू नोको बे त्याले!” नाई लावला.

पोळा जवळ आला तसा गार्गीताईले सांगतलं, चालून राह्यलं. तिनं ऑफिसात बोलावलं. माह्या खिशातला मोबाईल घेतला, तिच्या टेबलाच्या खनात टाकला, कुलूप लावलं.

“दुपारपर्यंत मिळणार नाही. गिरणीत तू नाहीस, फोनवरपण नाहीस.”

तोवर तिनं मले दुसऱ्या कोनाचा प्रोग्राम वाचाले देला. अक्षरं दिसत होते, समजत काई नव्हतं. डोक्यात गिरनीच फिरून राह्यली होती. लाईन गेली अशीन तं? मावशीचं बोट चुकलं तं? सत्यभामा काकूनं अजून काई नवीन शोधलं तं? दोनदा उठून पानी पेलो. ताई मान वर न करता म्हणाली, “टाकी संपवशील.”

दुपारी तिनं खन उघडला. मी झडप घातली. पाह्यतो तं काय? एकही मिस्ड कॉल नाई.

मी कॉलची यादी दोनदा वरखाली केली. मले वाटलं होतं, फोनावर फोन आले असतीन. एकबी नाई म्हनजे बंद पडलं अन् मावशीनं आपलं जुन्यासारखं सुरू केलं. कायले मले फोन करीन?

“बंद केलं तिनं,” मी म्हनलं. “मले माहीतच होतं. आता उपटतो मेथी.”

“विचार ना तिला. स्पीकरवर लाव.”

लावला. पहिले नुसती गिरनीची घरघर. मंग मावशी वरडली, “काय बे? दयन सुरू हाये!”

“मावशी, मोबाईल चालू हाये काय?”

“कोन्ता मोबाईल?”

झालं. मी ताईच्या तोंडाकडं पाह्यलंच नाई.

“थो... तुमच्या हाताजवळचा. मी लावलेला.”

“हाव, थो होय! चालू हाये ना. त्याले काय होते? सकाईपासून त्याच्यावरच तं दयून राह्यली. फोन ठेव आता, डायीचा नंबर आला!”

कट.

गार्गीताई खुर्चीत मांगं टेकून एवढी हासली का तिच्या ऑफिसातले बाकीचे वळून पाहाले लागले. “कोणता मोबाईल!” ती परत परत म्हणे. “अरे शेखर, याच्यापेक्षा चांगलं काय बोलणार ती बाई?”

मले समजाले जरा टाईम लागला. मंग माह्या कानापर्यंत हासू गेलं, अन् मी उगाच खिडकीतून बाहीर पाह्यल्यासारखं केलं.

तिनं मले खुर्ची दाखवली. खुर्चीचा एक पाय आखूड हाये, डुगडुगते, पन माही हाये. मंग बोलली, “दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बाहेरून परीक्षा द्यायची.”

“शाळा सोडून इथं आलो, अन् तुमीबी शाळाच काढली?” मी उसळलो.

“शाळेत जा म्हटलं का? परीक्षा दे म्हटलं. चिडून झालं की सांग, मी थांबते.”

आता अशा बाईसंग काय भांडनार?

घरी सांगतलं. माय देवापुढं साखर ठेवाले गेली. बाप लय वेळ मेथीच्या जुड्या बांधत राह्यला. मंग म्हने, “पोळ्याले बैल धुवाले तं येशीन ना?”

“येईन ना.”

“मंग जा.”

दुसऱ्या दिवशी बाजारात, मी मांगंच उभा हावो हे त्याले माहीत नव्हतं, थो एका गिऱ्हाइकाले मेथी देता देता सांगून राह्यला होता का गिरनीतलं थे मशीन माह्या पोराचं हाये. मशीन नाई थे, प्रोग्राम हाये. पन मी मधात बोललो नाई. जमते मले कधी कधी.

आता ताईनं नवीन काम देलं. नांदुऱ्यात एक धान्याचे व्यापारी हायेत, ज्ञानेश्वरशेठ, त्यायच्या गोदामातल्या पोत्यायचा हिशोब कोनालेच लागत नाई म्हनते. काल फोनवर बोललो तं मले इचारते, “शिक्षन किती झालं बे तुहं?” माहं डोकं असं तापलं का... पन थे तिथं गेल्यावर पाहू. लॅपटॉप घेतला नाई. डबा घेतला, मायनं ठेचा-भाकर बांधून देली हाये. अन् थो पाहा, नांदुऱ्याच्या एसटीचा कंडक्टर शिट्टी मारून राह्यला, ड्रायव्हर चढला, अन् खिडकीजवळच्या माह्या रुमालावर कोनीतरी बसून राह्यलं. ओ काका! उठा तिथून, जागा धरेल हाये! जातो मी आता.